न हुंगलेली फुलं

१

देवाच्या फुलांच्या बाबतीत मृणालिनी थेट आपल्या आईवर गेली होती. फूल खुडायचं ते आंघोळ करून, हलक्या हाताने आणि नाकापासून चांगलं हातभर लांब धरून. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही. पहिला वास देवाचा, पूजा झाल्यावर मग आपला. साताऱ्यात हे सोपं होतं, कारण दारात जास्वंद होती आणि जास्वंदीला वास असतो कुठे? ऑकलंडमध्ये, न्यू लिनच्या या घरात मात्र तिची रोज परीक्षा होती. इथे परसात पिओनी होत्या.

पिओनी ही काय भानगड आहे, ते घर बघायला येईपर्यंत तिलाही माहीत नव्हतं. हिवाळ्यात झाड जमिनीवरून पार नाहीसं होतं. ऑगस्टमध्ये लालसर कोंब वर येतात, आणि ऑक्टोबर संपता संपता वाडग्याएवढी फुलं लागतात. ही पांढरी होती, आतून गुलाबी, आणि वास गुलाबाचा, पण त्यात कोणीतरी लिंबाची साल किसून टाकल्यासारखा. दोन हजार पाचच्या नोव्हेंबरमध्ये शिरीष त्या घराचं छप्पर ठोकून बघत होता, तेव्हा मृणालिनी परसात उभी राहून वास घेत होती. घर शिरीषने छपरावर पसंत केलं, हिने वासावर.

घर विकणाऱ्या मिसेस गॅलब्रेथ चौऱ्याऐंशीच्या होत्या आणि हेंडरसनच्या वृद्धाश्रमात राहायला चालल्या होत्या. जाताना त्यांनी फ्रिजवर एक कागद चिकटवून ठेवला. झाडं जागची हलवू नका. मुळांवरचे डोळे दोन बोटांपेक्षा खोल गाडू नका. ऑकलंडची थंडी यांना पुरत नाही, तेव्हा जुलैत रोज वरून बर्फ घाला. कळ्यांवरच्या मुंग्या मारू नका. आणि शेवटची ओळ खाली रेघ मारून लिहिली होती: फूल उमललं की त्याच दिवशी, नऊच्या आत, वास घ्या. पहिला वास तुमचा.

पहिल्या चार सूचना त्यांनी निष्ठेने पाळल्या. जुलैभर शिरीष जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला घालून, कुडकुडत, कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे किराणा दुकानातून, आणलेला पिशवीभर बर्फ वाफ्यावर ओतायचा. डेअरीवाल्याला वाटायचं या घरी रोज पार्टी असते. पाचवी ओळ म्हणजे म्हातारीचा जीव त्या फुलांत किती होता याची खूण, असं समजून दोघांनी ती सोडून दिली. पहिला वास आपला कसा असेल? तो देवाचा.

२

घर घेतल्यानंतरच्या फेब्रुवारीत मृणालिनीची आई गेली.

निरोप आला तेव्हा आई दवाखान्यात होती. ही तिकीट मिळवून, सिंगापूरला आठ तास बसून साताऱ्याला पोचली, तोवर सगळं उरकून दोन दिवस झाले होते. तेराव्याला विमलवहिनींनी तिच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत आईची जांभळ्या काठांची सुती साडी, शेवटची नेसलेली, न धुतलेली. पिशवीचं तोंड वहिनींनी मेणबत्तीवर धरून बंद केलं होतं.

"आत्ता नको उघडूस," वहिनी म्हणाल्या होत्या, "जेव्हा अगदी राहवणार नाही ना, तेव्हा उघड."

नऊ महिने झाले, मृणालिनीने ती उघडली नव्हती. एकदा उघडली की वास उडायला लागणार. मग उरणार नुसती साडी. कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली पिशवी होती. आत हवा राहिल्यामुळे ती उशीसारखी फुगलेली असायची. कधीतरी मृणालिनी तिच्यावर तळहात ठेवायची, ती खाली दबून पुन्हा वर यायची, आणि तेवढ्यावर हिचं भागायचं. आत काय असेल ते तिला पाठ होतं. आई शाळेत शिक्षिका होती. घसा बसू नये म्हणून तोंडात कायम लवंग. आईच्या कुशीत शिरलं की आधी लवंग, मग खडूची धूळ, मग आई.

शिरीष अधूनमधून म्हणायचा, "मृणा, उघड ना एकदा. किती दिवस ठेवणार आहेस?"

"ठेवणार आहे," ती म्हणायची. पुढे बोलणं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पहिली पिओनी उमलली. मृणालिनीने ती न हुंगता खुडली, देवाला वाहिली, स्वयंपाक आवरला. दहा वाजता निर्माल्य उचलताना रिवाजाप्रमाणे फूल डोळ्यांना लावलं आणि नाकाशी नेलं.

काहीच नाही. कमी झालेला वास, शिळा वास, पाण्याचा वास, यातलं काही नाही. कोरा कागद हुंगावा तसं.

३

आता दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, सर्दी झाली असेल. पण मृणालिनी पोट भरायची नाकावर. पेनरोजच्या एका सॉस बनवणाऱ्या कारखान्यात ती चाचणी विभागात होती. टोमॅटोच्या शंभर डब्यांतला एक बिघडलेला डबा ती झाकण निघता निघता सांगायची. तिने कॉफीचा डबा उघडून बघितला, हिंगाची डबी बघितली, शिरीषचे मोजेही बघितले. नाक ठणठणीत होतं.

दुसऱ्या दिवशीचं फूल तसंच, तिसऱ्या दिवशीचंही.

मग तिची उत्सुकता चाळवली. शनिवारी सकाळी एकदम सहा फुलं उमललेली दिसली, तेव्हा तिने देवाला तांदूळ वाहून माफी मागितली आणि सहाही फुलांच्या देठांना दोऱ्याने आकड्यांच्या चिठ्ठ्या बांधल्या. पहिल्या तिन्हींचा सातच्या ठोक्याला वास घेतला. गुलाब, लिंबाची साल, वर्षापूर्वी घर पसंत केलं होतं तोच वास. तिचे डोळे भरून आले. पुढच्या तिन्हींना नाक लावलं नाही.

"आई, व्हॉट आर यू डूइंग?" सात वर्षांची जुई मागच्या पायरीवर टोस्ट खात बसली होती.

"प्रयोग. चार, पाच, सहाच्या जवळ जायचं नाही हं. दहापर्यंत."

"स्वीट ॲज," जुई इथल्या पोरांच्या भाषेत 'बरं' म्हणाली आणि कार्टून बघायला आत गेली.

मृणालिनी लाँड्रीच्या खिडकीशी उभी राहिली. परसाची ही बाजू दक्षिणेची. इथली थंडी दक्षिणेकडून येते, म्हणूनच म्हातारीने झाडं इथे, भिंतीच्या सावलीत लावली होती. वारा पडलेला होता. दोरीवरच्या चादरीचं टोकसुद्धा हलत नव्हतं. नऊला दहा मिनिटं असताना चार नंबरचं फूल हललं.

ती जरा पुढे वाकली. वाऱ्यात पाकळ्या ढकलल्या जातात, सगळ्या मिळून एका अंगाला झुकतात. या ओढल्या जात होत्या. भिंतीकडच्या पाकळ्या ताठ होऊन भिंतीकडे आल्या, मधल्या त्यांच्यामागून आल्या, फूल चंबूसारखं झालं आणि हळूच सुटून पुन्हा जसं होतं तसं झालं. मग पाच नंबर. मग सहा. एक, दोन, तीनकडे काही फिरकलं नाही.

दहा वाजता तिने सहाही फुलं हुंगली. एक, दोन, तीन घमघमत होती. चार, पाच, सहा कोरी. तिने वहीत तसं लिहिलं, कारण लिहायची सवय होती, आणि मग पेन खाली ठेवून बराच वेळ भिंतीकडे बघत बसली.

४

"परागांचं काहीतरी असेल," शिरीष म्हणाला. तो शहरातल्या एका बँकेत संगणकांचं काम बघायचा आणि त्याच्या मते जगात कारण नसलेली गोष्ट नव्हती, न सापडलेली असायची. "किंवा मुंग्या. मुंग्या काहीतरी खातात त्याच्यातलं."

"मुंग्या सगळ्या फुलांवर आहेत. आणि हुंगलेलं फूल बरं सोडतात?"

"आता मुंग्यांचं मला काय विचारतेस!"

ती हसली, पण पुढच्या आठवड्यात तिने एक आवाज ऐकला आणि शिरीषला सांगितला नाही. सकाळी ती लाँड्रीत कपडे लावत होती आणि मागच्या दाराच्या फटीशी कोणीतरी श्वास आत घेतला. सावकाश, नाकाने, मन लावून, चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधी माणूस वाफ घेतो तसा. ती श्वास सोडण्याची वाट बघत राहिली. तो आवाज आला असता तर कुत्रं असेल, शेजारी असेल, असं काहीतरी म्हणता आलं असतं. सोडल्याचा आवाज आलाच नाही.

त्याच दिवशी तिने लाँड्रीतली साबणाच्या पावडरची नवी पेटी फोडली. कोरी. निम्मी संपलेली जुनी पेटी शेजारीच होती, तिला लव्हेंडरचा वास येत होता.

दोन दिवसांनी स्वयंपाकघर. विमलवहिनींनी पाठवलेल्या गोड्या मसाल्याच्या सीलबंद पाकिटाला कात्री लावली, तर बाहेर आली नुसती तपकिरी पूड. रंग तोच, चव किंचित तिखट, वास शून्य. जुन्या बरणीतला मसाला जसाच्या तसा होता. पुढच्या बुधवारी बोळातलं कपाट. तिथे न फोडलेले उदबत्तीचे दोन पुडे होते. तिने एक पेटवून बघितली. धूर झाला, डोळे चुरचुरले, वास नाही.

मागच्या दारापासून लाँड्री चार पावलं. स्वयंपाकघर नऊ. बोळातलं कपाट चौदा. तिने हे वहीत लिहिलं. मग स्वतःलाच रागावली, वेडी झालीस का म्हणून. पण प्रत्येक वेळी जे गेलं होतं ते कोणी अजून न हुंगलेलं होतं, आणि सील असण्या-नसण्याने फरक पडत नव्हता. वासावर तिला आयुष्यात कोणी फसवलं नव्हतं. आता कोण फसवतंय हे जाणून घ्यायची तिला खरोखर ओढ लागली होती, भीतीच्याही वर.

बोळातल्या कपाटापासून बेडरूमचं कपाट सात पावलांवर होतं. हे मात्र तिने वहीत लिहिलं नाही.

५

शनिवारी सकाळी तिने वृद्धाश्रमात फोन लावला. बाहेर शिरीष गवत कापायचं मशीन फिरवत होता आणि त्या घरघरीत तिला दुसरा कान बोटाने बंद करावा लागला.

"हॅलो लव्ह," मिसेस गॅलब्रेथ म्हणाल्या. त्यांचा आवाज खुशीत होता. "कशा आहेत माझ्या बायका? फुलल्या?"

"हीप्स, मिसेस गॅलब्रेथ. यंदा खूप फुलल्या. पण वास..."

"घेतेस ना? नऊच्या आत?"

मृणालिनीने सांगितलं. आमच्यात फूल आधी देवाला देतात, न हुंगता, आम्ही नंतर घेतो. म्हातारी सगळं नीट ऐकत होती. मध्ये एकदाच तिने "हो, हो" म्हटलं.

"अगं बाई," ती शेवटी हळूच म्हणाली. "म्हणजे पहिला तू त्याच्यासाठीच ठेवत राहिलीस की."

"कोणासाठी?"

"मी कधी विचारलं नाही, लव्ह. चव्वेचाळीस वर्षं. मी फक्त आधी पोचत राहिले." मग तिनेच विचारलं, "घरात आलंय का?"

"हो."

"मग तुझं काही जपून ठेवलेलं असेल तर आत्ता जाऊन घे. जपलेलं त्याला बरोबर सापडतं. माझ्या आर्थरचा स्वेटर मी असाच ठेवला होता, ड्रॉवरमध्ये, चांगल्या दिवसासाठी." "जा. फोन ठेव."

६

बाहेर मशीन बंद पडलं. बहुधा शिरीष गवताची पिशवी रिकामी करायला गेला असावा. घर एकदम गप्प झालं, आणि त्या शांततेत बेडरूममधून तो आवाज आला. आत घेतलेला, लांब, संपता न संपणारा.

मृणालिनीला नंतर आठवायचं की ती धावली नाही. तिचे पाय मोजून पडत होते, बोळातल्या कपाटापासून सात. मागून जुई आली, "आई, व्हॉट्स दॅट नॉइज?" म्हणत, आणि हिने तिला परत पाठवलं नाही, कारण त्या वेळी एकटं जायचं धाडस तिच्यात नव्हतं.

कपाट बंद होतं. तिने ते उघडलं आणि लोकरीचे कपडे दोन्ही हातांनी खाली ओढले. पिशवी होती. सीलही जसंच्या तसं होतं. पण नऊ महिने उशीसारखी फुगलेली ती पिशवी आता साडीला सगळीकडून घट्ट चिकटली होती. आत हवेचा एक बुडबुडा उरला नव्हता. घडीचा प्रत्येक पदर प्लास्टिकवर उठून दिसत होता.

"नाही," मृणालिनी म्हणाली. "ही नाही."

कात्री शोधायला वेळ नव्हता. तिने पिशवी दातांनी फाडली, साडी बाहेर ओढली आणि पलंगाच्या कडेवर बसून तोंड तिच्यात खुपसलं.

आधी खडू आला. होता! थोडासा, पण होता. मग आयोडेक्स, गुडघ्यांना लावायची ते. मग खाली, घडीच्या आत, वेगळंच काही आलं, आणि क्षणभर तिला कळेना हे आईचं कसं. डेटॉल. स्पिरिट. सलाइनच्या नळीचा रबरी वास, औषधाची गोडसर ढेकर, कोणाच्या तरी हातची मोसंबी. दवाखान्याचे ते चार दिवस, जिथे ती नव्हती. नऊ महिने तिने हे जपून ठेवलं होतं, न उघडता, आणि आता कळलं की न उघडण्याचं कारण वास उडेल हे कधीच नव्हतं. ती मोठ्याने रडायला लागली, लहान मुलासारखी, आणि रडताना श्वास घेत राहिली, कारण थांबली तर उरलेलं जाणार होतं.

"इज दॅट आजी?" जुईने विचारलं.

"हो. घे. तूपण घे. लवकर."

जुईने साडीचा एक काठ नाकाशी धरला आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला. "शी स्मेल्स लाइक स्कूल," ती म्हणाली.

पण लवंग नव्हती. मृणालिनीने पदर बघितला, निऱ्या बघितल्या, काठ उलटून पालटून बघितला. खांद्यावरचा भाग, जिथे आईचा श्वास दिवसभर पडायचा, तिथे नाक घासलं. कोरा. आईतली सगळ्यात आधीची, सगळ्यात आईची गोष्ट तेवढी गेली होती.

तेव्हा तिला पदराचं टोक दिसलं.

साडीचा एक भाग हिच्या मांडीवर होता, एक जुईच्या हातात. पदराचं टोक पलंगाच्या पलीकडच्या बाजूला घसरलं होतं, शिरीष झोपतो तिथे, आणि तिथे कोणी नव्हतं. ते टोक गादीवर पडलेलं नव्हतं. वीतभर वर होतं, आणि त्याचं सूत मधोमध आत ओढलं जात होतं, दोन ठिकाणी, शेजारी शेजारी, चण्याएवढ्या दोन खळग्यांत. खळगे खोल होत होते. त्यामागे ओशाळल्यासारखी, मान खाली घातलेली अशी एक उंची असावी असं तिला वाटलं. तिने त्याहून वर बघितलं नाही.

तिला साडी हिसकावता आली असती. तिने ती हिसकावली नाही. तिच्या मनात त्या क्षणी भीतीपेक्षा मोठा एक प्रश्न होता. इतकी वर्षं जो नुसता आत घेतोय, त्याच्याकडे सगळं साठलं असेल की संपलं असेल?

"ती माझी आई होती," ती पलीकडे बघत हळू म्हणाली. "मला तिथे पोचता आलं नाही. पहिला वास माझा होता. थोडा तरी दे."

खळगे तसेच राहिले. जुईने हिचा दंड घट्ट धरला. परसात कुठेतरी शिरीष शीळ घालत होता.

आणि मग त्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी श्वास सोडला.

पदराचं टोक सैल होऊन गादीवर पडलं. पलीकडून कोमट हवेची एक झुळूक आली, तिच्या ओल्या गालावर पडली, आणि तिच्यात लवंग होती. नुसती लवंग नाही. लवंगेमागे रात्रभर मिटलेलं तोंड, वाचून दाखवलेले धडे, "मृणे, ऊठ बाळा, शाळेची वेळ झाली" म्हणायच्या आधीचा तो एक श्वास.

मृणालिनीने तोंड मिटलं आणि तो आत घेतला. नाकाने, सावकाश, मन लावून, छातीत जागा होती तितका, आणि जागा संपल्यावरही थोडा. मग ती तशीच बसून राहिली, मांडीवर साडी घेऊन, डोळे उघडे ठेवून.

बाहेर मशीन पुन्हा सुरू झालं.

जुईने पलीकडे बघितलं, तिथे आता काही नव्हतं. मग तिने आईकडे बघितलं. आईचा चेहरा लाल व्हायला लागला होता.

"आई," ती म्हणाली. "यू कॅन ब्रीद आउट नाऊ."

मृणालिनीने नाही म्हणून मान हलवली.